सिंहाच्या झालरीला कोण चावलं?

दोस्तांनो, या आठवड्यात टपालातून आलेल्या एका पत्राने मला माझ्या एका जुन्या अपराधाची आठवण करून दिली. पत्र आठवीतल्या एका मुलाचं आहे. अक्षर सुरेख, आणि शेवटी रंगीत पेन्सिलीने काढलेला पट्ट्यापट्ट्यांचा मासा. तो लिहितो, "काका, बाबांनी मला वाढदिवसाला चार फुटी टँक द्यायचं कबूल केलंय. मला गप्पी आणि गोल्डफिश नको आहेत. ते तर सगळेच पाळतात. मला खाऱ्या पाण्यातले दादा मासे पाळायचे आहेत. एक लायनफिश, एक ट्रिगरफिश आणि एक पफर. त्यांची मारामारी झाली तर कोण जिंकेल? मी म्हणतो लायनफिश, कारण त्याच्याकडे विष आहे. माझी मित्राबरोबर पैज लागली आहे."

पैज तू हरलास, बाळा. कशी ते सांगतो. बाकीच्यांनीही ऐका, कारण 'मासे पाळायचेत' म्हणून हट्ट धरणारे तुमच्यात बरेच असणार. आणि आईबाबांनो, पैसे तुमच्या खिशातून जाणार आहेत, तेव्हा तुम्हीही वाचा.

आधी लायनफिशची ओळख करून घेऊ. मराठीत आपण त्याला सिंहमासा म्हणू. अंगावर तांबडे-तपकिरी आणि पांढरे पट्टे, दोन्ही बाजूंना पंख्यासारखे पसरलेले पर आणि पाठीवर उभ्या काट्यांची रांग. मी पहिला सिंहमासा पाहिला तो मुंबईच्या तारापोरवाला मत्स्यालयात. मरीन ड्राइव्हवरचं हे मत्स्यालय १९५१ साली सुरू झालं. तुमच्या आजीआजोबांनाही ते ठाऊक असेल. त्या काचेमागे हा मासा इतका सावकाश तरंगत होता, की मला वाटलं, कुणीतरी वरून दोऱ्याने टांगलाय. तो आपल्या परसातलाच म्हणायला हरकत नाही. हिंदी महासागरात त्याच्या अनेक जाती आहेत. लक्षद्वीप, अंदमान, मन्नारचं आखात, अशा ठिकाणी प्रवाळाच्या कपारींत तो असतो.

आता विषाची गोष्ट. त्याच्या पाठीवर तेरा काटे, पोटाखालच्या दोन परांना एकेक आणि शेपटीजवळ खालच्या बाजूला तीन. एकूण अठरा. एवढेच काटे विषारी. आणि गंमत म्हणजे, आपण ज्याला 'आयाळ' म्हणतो, ते दोन्ही बाजूंचे मोठे, झालरीसारखे पर आहेत ना, त्यांत विषाचा टिपूससुद्धा नसतो. हे नीट लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

दुसरं म्हणजे, काटे हे काही त्याचं शिकारीचं हत्यार नव्हे. साप विष टोचून भक्ष्य मारतो, तसं हा करत नाही. काटे फक्त बचावासाठी. कुणी अंगावर आलं की हा पाठ त्याच्याकडे वळवतो, डोकं खाली घालतो आणि काटे रोखून उभा राहतो. बस्स. पळत नाही, चावत नाही. समुद्रातल्या बहुतेकांना तेवढं पुरतं. एकदा टोचून घेतलेला मोठा मासा बहुधा पुन्हा त्याच्या वाटेला जात नाही.

मग हा खातो कसा? तर तोंडाने! पोहण्यात तो काही चपळ नाही. दोन्ही पंख पसरून तो एखाद्या लहानग्या माशाला कपारीच्या कोपऱ्यात रेटत नेतो, आपली आई घरात शिरलेल्या कोंबडीला पदर पसरून कोपऱ्यात घेते ना, तसा. काही जातींचे सिंहमासे तर तोंडातून पाण्याची बारीक पिचकारी भक्ष्यावर सोडतात. आपल्या अंगावर प्रवाह कुठून आला म्हणून ते मासलं तोंड वळवतं, आणि नेमकं डोक्याच्या बाजूने सिंहाच्या जबड्यात जातं. डोळ्याची पापणी लवायच्या आत खेळ खलास. (माशांना पापण्या नसतात, बरं का. पापणी आपली!)

म्हणजे सिंहमाशाच्या लेखी जगात दोनच प्रकारचे मासे. तोंडात मावणारे आणि न मावणारे. मावणारे ते जेवण. न मावणाऱ्यांशी त्याला काही देणंघेणं नाही. तो भांडखोर मुळीच नाही.

इथेच माझी चूक झाली होती. ती गोष्ट सांगतो.

मी तेव्हा कॉलेजात होतो. माझ्या आतेभावाला, त्याला आम्ही सगळे दादाच म्हणायचो, मासे पाळण्याचा भारी नाद. दादाने दुकानातून बोटभर लांबीचा सिंहमासा आणला. त्याच्या आधीपासून टँकमध्ये चार निळे डॅमसेल होते, अंगठ्याएवढे. पहिल्या आठवड्यात चाराचे तीन झाले, दुसऱ्यात एक उरला, आणि मग तोही दिसेना. आम्ही दगडांमागे शोधतोय, फिल्टरमध्ये शोधतोय! सिंह मात्र पोट फुगवून कोपऱ्यात गप्प. दोन-तीन महिन्यांत तो चांगला मोठा झाला.

दुकानदाराला सांगितलं, तर तो हसून म्हणाला, "याच्यासोबत दादा मासे ठेवा. याला गिळता येणार नाहीत असे." सल्ला अर्धा बरोबर होता. म्हणून आम्ही तळहाताएवढा एक पिकासो ट्रिगर आणला. दिसायला फारच देखणा. कुणीतरी ब्रशने पिवळे, काळे, निळे फटकारे मारल्यासारखा. याच्याच एका चुलतभावाला हवाई बेटांवर राज्याच्या माशाचा मान आहे. त्याचं तिकडचं नाव एका दमात म्हणून दाखवा बघू. हुमुहुमुनुकुनुकुआपुआआ!

आठ दिवस सगळं छान चाललं. नवव्या दिवशी दादाचा निरोप आला, "सिंह आजारी आहे. लवकर ये."

जाऊन बघतो, तर त्याच्या झालरीच्या कडा कुरतडल्यासारख्या. एका बाजूचे दोन-तीन लांब तंतू गायब. आम्हाला वाटलं, पर कुजण्याचा रोग. दुकानातून औषधाची बाटली आणली, मोजून थेंब टाकले. दोन दिवसांनी झालर आणखी आखूड. पुन्हा औषध. सिंहाने खाणं सोडलं. कोळंबीचा तुकडा नाकासमोर धरला तरी तो हलेना.

शेवटी एका रविवारी सकाळी मी टँकसमोर स्टूल टाकून बसलो. म्हटलं, काहीच करायचं नाही, नुसतं बघायचं. पाऊण तास काही नाही. मग ट्रिगर आला. समोरून नाही, पाठीच्या बाजूनेही नाही. बाजूने आला, लोंबणाऱ्या झालरीचा एक तुकडा कटकन तोडला आणि निघून गेला. सिंहाने पाठ वळवली, डोकं खाली घातलं, काटे रोखले. ट्रिगरने एक वळसा घेतला आणि दुसऱ्या बाजूच्या झालरीला चावला! सिंह पुन्हा वळला. तो पुन्हा वळसा घालून आला.

तेव्हा कुठे आमच्या डोक्यात प्रकाश पडला. ट्रिगर समुद्रात खातो काय, हे आम्ही कुणाला विचारलंच नव्हतं. तो खातो शिंपले, खेकडे आणि समुद्री साळू. साळू म्हणजे सगळीकडून काटेच काटे असलेला गोळा. ट्रिगर त्याच्यावर पाण्याचा झोत मारून त्याला उलथा करतो, कारण खालच्या बाजूला काटे आखूड असतात. मग मधोमध चावा. ज्याचं रोजचं जेवण काट्यांतून वाट काढूनच होतं, तो अठरा काट्यांना भिईल होय? शिवाय त्याने धरलेला भाग होता झालर. विष नसलेला. त्याला कुणी शिकवलं नव्हतं, पण त्याला बरोबर सापडलं.

समुद्रात असं झालं असतं, तर सिंहमासा एखाद्या कपारीत शिरला असता, किंवा ट्रिगरच कंटाळून दुसरीकडे गेला असता. तिथे कुणीच कुणाला तीन आठवडे चोवीस तास शेजारी म्हणून बांधलेला नसतो. काचेच्या पेटीत मात्र जायला जागाच नाही. आम्ही त्याच्या ढालीसकट त्याला कोंडलं होतं, आणि वर औषध पाजत होतो.

दादाने लगेच भोकं पाडलेला प्लॅस्टिकचा पडदा आणला. तो मधे बसवायला त्याने हात कोपरापर्यंत पाण्यात घातला. घाईत सिंह कुठे आहे ते पाहिलंच नाही. पुढच्या क्षणी तो "आई गं!" म्हणून किंचाळला. सिंहाने हल्ला वगैरे काही केला नव्हता. दादाचाच हात काट्यांवर जाऊन आदळला. बोटाला जेमतेम टाचणी टोचल्याएवढी जखम, पण पाच मिनिटांत तळहात टम्म सुजला आणि वेदना खांद्यापर्यंत चढली. एवढा थोराड माणूस, डोळ्यांत पाणी. आत्या धावत जाऊन बर्फ घेऊन आली.

खाली राहणारे डॉक्टर मूळचे मालवणकडचे. त्यांनी बर्फ बाजूला ठेवला आणि म्हणाले, "वहिनी, बादलीत गरम पाणी आणा. शिंगाळा लागला की आमच्याकडे हेच करतात." शिंगाळ्याच्या काट्याचा प्रताप कोकणातल्या मुलांना सांगायला नको. गरम म्हणजे सोसेल एवढंच, ४० ते ४५ अंश सेल्सिअस. उकळतं नव्हे, नाहीतर विषापेक्षा भाजण्याचीच जखम मोठी व्हायची. हे विष प्रथिनाचं बनलेलं असतं आणि अंड्याचा पांढरा बलक उष्णतेने बदलतो, तसं तेही उष्णतेने बदलतं आणि त्याचा जोर कमी होतो. अर्धा तास ते दीड तास हात त्या पाण्यात धरायचा. आणि डॉक्टरांकडे जायचंच, बरं का, कारण काट्याचा तुकडा आत राहू शकतो, आणि काहींना मळमळ, घाम, श्वासाचा त्रासही होतो. माणूस दगावणं फार क्वचित. दादा दुसऱ्या दिवशी हसत होता. सूज मात्र चार दिवस राहिली.

सिंहाचं काय झालं? पडद्याच्या अलीकडे तो सुरक्षित होता. परांचं मूळ शाबूत असेल तर पर पुन्हा फुटतात, आणि त्याचे फुटायलाही लागले होते. पण त्याने खाणं काही पुन्हा सुरू केलं नाही. सतराव्या दिवशी सकाळी तो तळाशी आडवा पडलेला मिळाला. आम्ही पंधरा दिवस आधी स्टूल टाकून बसलो असतो, तर कदाचित वाचला असता.

ट्रिगर पुढे चार वर्षं जगला. दादा खोलीत आला की काचेपाशी यायचा, आणि दादाच्या हातून शिंपल्यातलं मांस घ्यायचा. त्याच्यावर राग धरण्यात अर्थ नव्हता. तो ट्रिगरसारखाच वागला होता.

तर पत्रलेखक मित्रा, आता तुझ्या तीन दादांकडे वळू. ट्रिगरचं कळलंच. पफर म्हणजे आपला केंड. त्याचे दात पोपटाच्या चोचीसारखे एकमेकांना जुळलेले, आणि ते आयुष्यभर वाढत राहतात. म्हणून त्याला सतत काहीतरी कठीण कुरतडायला लागतं. स्वभावाने लाघवी, पण चौकस. लोंबती झालर दिसली की 'हे काय आहे?' म्हणून चावून बघणारच. म्हणजे तुझ्या टँकमध्ये दोन कात्र्या आणि एक पडदा! विषाचा इथे काही उपयोग नाही.

मग सिंहासोबत राहू शकतं कोण? ज्याला तो गिळू शकत नाही, आणि जो त्याला कुरतडत नाही. मोठा फॉक्सफेस चालतो. त्याचेही काटे विषारी असतात, पण तो शेवाळ खाणारा, आपल्या नादात असणारा. मोठे सर्जनफिश चालतात. स्नोफ्लेक नावाची ईल खेकडे-कोळंबी खाते, तीही बहुधा निभावते. मात्र टँकला घट्ट झाकण हवं, नाहीतर ती रात्री बाहेर येऊन फरशीवर फेरफटका मारेल. पण यातला कुठलाही मासा म्हणजे हमी नव्हे. माशामाशांत स्वभाव वेगळे असतात, जसे तुमच्या वर्गात आहेत. नवा मासा सोडल्यावर पहिले पंधरा दिवस रोज स्टुलावर बसायचं. टीव्ही नंतर.

आता तुझ्या टँकचं गणित. पाटी-पेन्सिल घे. दुकानात चार फुटी म्हणून मिळतो, तो बहुतेक वेळा चार फूट लांब, दीड फूट रुंद, दीड फूट उंच. म्हणजे ९ घनफूट. एका घनफुटात सुमारे २८.३ लिटर पाणी, म्हणून साधारण २५५ लिटर. मोठा सिंहमासा वाढून ३५ सेंटिमीटरच्या पुढे जातो. दीड फूट म्हणजे ४५ सेंटिमीटर. पंख पसरलेला असा मासा त्या पेटीत वळणार कसा, ते पट्टी घेऊन वहीवर काढून बघ. त्याला रुंदी आणि उंची दोन-दोन फूट हवी, म्हणजे साडेचारशे लिटर. आणि साडेचारशे लिटर म्हणजे साडेचारशे किलोच्या वर वजन. सात-आठ मोठी माणसं एका कोपऱ्यात कायमची उभी! बाबांना म्हणावं, जमीन आणि स्टँड आधी तपासा.

मीठसुद्धा स्वयंपाकघरातलं चालत नाही. समुद्राच्या पाण्यात मॅग्नेशियम, कॅल्शियम असं बरंच काही असतं. त्यासाठी खास मीठ मिळतं. लिटरला ३५ ग्रॅमच्या आसपास, म्हणजे २५५ लिटरला जवळजवळ नऊ किलो. आणि पाणी बदलत राहायचं, तेव्हा दर वेळी पुन्हा मीठ. टँक भरल्यावर लगेच मासे सोडायचे नाहीत. माशांच्या मलमूत्रातून अमोनिया तयार होतो, तो माशांना मारतो. त्याचं आधी नायट्राइट आणि मग नायट्रेट करणारे जिवाणू टँकमध्ये रुजायला चार ते सहा आठवडे लागतात. वाढदिवसाला टँक आला, तर मासा दीड महिन्यानंतर. यातच निम्म्या मुलांचा उत्साह मावळतो, आणि ते बरंच आहे.

खाणं आठवड्यातून दोन-तीन वेळा. कोळंबी, माकूळ, माशाचे तुकडे, लांब काडीच्या टोकाला लावून पाण्यात हलवायचे. बोटाने कधीही नाही. जिवंत गप्पी किंवा गोल्डफिश रोज घालायचे नाहीत. बघायला मजा येते खरी, पण नुसत्या गोड्या पाण्यातल्या माशांवर सिंहाचं पोषण नीट होत नाही, आणि मग त्याला मेलेलं खायला शिकवणं कठीण जातं. सजावटीला दुकानात कुणी खरं प्रवाळ दाखवलं, तर हात जोडून परत द्या. प्रवाळाला २००१ पासून आपल्याकडे वन्यजीव संरक्षण कायद्याचं संरक्षण आहे.

आणि एक भीती मला खरंच वाटते. सिंहमासा नीट सांभाळला तर दहा वर्षं जगू शकतो. तू आज तेरा-चौदाचा. दहा वर्षांनी कुठे असशील? हॉस्टेलवर? नोकरीच्या गावी? तेव्हा घरातलं कुणी म्हणेल, "सोडून देऊ या ना समुद्रात, बिचारा सुटेल."

अमेरिकेत हे घडून गेलंय. तिथल्या अटलांटिक महासागरात सिंहमासा मुळात नव्हताच. १९८५ साली फ्लोरिडात, डानिया बीचजवळ, एक सापडला. घरोघरच्या टँकमधून लोकांनी सोडलेल्या माशांतूनच हे सुरू झालं, असं शास्त्रज्ञ मानतात. २००४ पर्यंत ते बहामा बेटांपाशी पोचले, मग कॅरिबियन समुद्रभर पसरले, आणि २०१४ मध्ये ब्राझीलच्या किनाऱ्यावर दिसले. तिथल्या लहान माशांना हा शिकारी ठाऊकच नव्हता. ते पळतसुद्धा नव्हते. बहामात शास्त्रज्ञांनी प्रवाळाच्या काही छोट्या तुकड्यांवर एकेकच सिंहमासा ठेवला आणि काही तुकडे त्याच्याविना ठेवले. पाच आठवड्यांत त्या एकट्या माशामुळे नव्याने येणाऱ्या पिल्लांची भर ७९ टक्क्यांनी घटली. हा निष्कर्ष २००८ साली प्रसिद्ध झाला. मादी वर्षाला वीस लाखांच्या घरात अंडी घालू शकते. आता तिकडे पाणबुडे भाल्याने सिंहमासे मारायच्या स्पर्धा भरवतात, आणि हॉटेलांत ते तळून खातात. विष काट्यांत असतं, मांसात नाही.

आपल्या समुद्रात तो मूळचाच आहे, मग सोडला तर काय बिघडलं, असं तू विचारशील. एक तर दुकानातला मासा कुठल्या समुद्रातून आला, कुठली जात, हे तुला ठाऊक नसतं. आणि टँकमधले रोग तो बरोबर घेऊन जातो. नको झाला तर दुकानदाराला किंवा दुसऱ्या जाणत्या छंदिष्टाला द्यायचा. ते आधीच विचारून ठेव, मासा घेण्याच्या आधी.

तरीही सिंहच हवा? मग एक मार्ग आहे. 'ड्वार्फ लायन' म्हणून बुटक्या जाती मिळतात. त्या वीतभरही होत नाहीत. तुझ्या २५५ लिटरच्या टँकमध्ये असा एक, एकटाच, लपायला दगडांची कपार आणि झाकण. काटे त्यालाही आहेत, तेव्हा टँकमध्ये हात घालण्याचं काम बाबांचं, आणि तू सिंह कुठे आहे ते बघून त्यांना सांगायचं. ट्रिगरची हौस असेल तर सिंहाऐवजी ट्रिगर. दोन्ही नाही.

टँक आला की आतली लांबी, रुंदी आणि उंची मोजून मला कळव. आणि मित्राला पैजेचं काय द्यायचं ठरलंय, तेही लिही.